करंजाड्यातलं कॅलगरीचं बोरनहाण

गुढीपाडव्याला करंजाड्याच्या त्या सोसायटीत गॅलरी-गॅलरीतून गुढ्या उभ्या राहायच्या, संध्याकाळी उतरायच्या, आणि मग दोन-तीन दिवसांनी, लोकांच्या फ्रीजमधलं श्रीखंडही संपलेलं असताना, पाचव्या मजल्यावरच्या अरुणाबाईंची गुढी चढायची. पहिल्या वर्षी वॉचमनने इंटरकॉमवरून अदबीने विचारलं होतं, "मॅडम, आपका उतारने का रह गया क्या?" राहिलं काहीच नव्हतं. अरुणाबाईंचा थोरला मुलगा ऋषी कॅलगरीला होता, त्याला शनिवार-रविवारच मोकळा मिळायचा, आणि या घरातले सण पंचांग न बघता ऋषीच्या सुट्टीवर पडायचे. नागपंचमी शनिवारी. कोजागरी शनिवारी, मग चंद्र एका बाजूने कुरतडल्यासारखा का दिसेना.

धाकटी सून तेजश्री लग्न होऊन या घरात आली, तेव्हा हॉलमध्ये शेजारी शेजारी लावलेली दोन डिजिटल घड्याळं बघून तिला वाटलं, एक बिघडलेलं असेल, काढायचं राहून गेलं असेल. नव्या सुनेच्या उत्साहात तिने स्टुलावर चढून ते बरोबर लावूनही टाकलं. त्या दुपारी सासूबाईंनी ऋषीला गाढ झोपेतून उठवून 'जेवलास का' विचारलं. दुसरं घड्याळ कॅलगरीचं होतं. त्याला हात लावायचा नसतो, हे तेजूला तेव्हा कळलं.

हळूहळू बाकीचंही कळत गेलं. सकाळी उठल्या उठल्या अरुणाबाई मोबाइलवर कॅलगरीचं हवामान बघायच्या आणि पंखा बंद करायच्या.

"आज उणे बावीस आहे गं. रेवाच्या अंगात काहीतरी घाल."

"आई, इथे तिच्या मानेवर घामोळं आलंय."

"असू दे. अंगात असलेलं बरं."

रेवा म्हणजे तेजूची मुलगी, अडीच वर्षांची. नुकतंच तिला स्वतःचं नाव सापडलं होतं, आणि नवी वस्तू सापडल्यासारखी ती ते घरभर घेऊन फिरायची. आरशासमोर जाऊन सांगायची, 'लेवा'. कुकरची शिट्टी झाली की कुकरलाही सांगायची.

या रेवाचं बोरनहाण राहिलं होतं, आणि तेजूच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं.

तसं पाहिलं तर काय असतं त्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा, रेवड्या ओतायच्या. भोवतीची पोरं ते लुटतात. दहा मिनिटांत संपतं आणि पुढे आठवडाभर सोफ्याखालून चुरमुरे निघतात. पण तेजूच्या चिपळूणच्या माहेरी, तिच्या आईच्या कपाटात तिचा स्वतःचा बोरनहाणाचा फोटो होता. त्यातलं तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. फोटोत एक भेदरलेलं काळं गाठोडं, आणि वरून आलेला आजीचा बांगड्यांचा हात. तरी लहानपणी भांडण झालं, मार बसला, की ती तो फोटो काढून बघायची. आपल्यावर कोणीतरी एवढं सगळं ओतलं होतं, याचा तो पुरावा होता. असा एक पुरावा आपल्या पोरीजवळही असावा, एवढंच तिचं म्हणणं.

रेवाच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नीलचं आणि हिचं एकत्रच करू. डिसेंबरात येतायत ना ते." नील हा ऋषीचा मुलगा. डिसेंबरात ते आले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं. तेजूने पनवेलच्या बाजारातून काळं खणाचं कापड आणून झबलं शिवलं होतं, त्याची शिवण दोनदा उसवून वाढवली. आणि यंदा नील पाचाला टेकला.

"पाच वर्षांपर्यंतच करतात," अरुणाबाईंनी जाहीर केलं. "यंदा नाही तर कधीच नाही. आपण ऑनलाइन करू."

"त्यातच रेवालाही बसवूया ना, आई."

अरुणाबाईंनी खरंच विचार केला. त्या दुष्ट मुळीच नव्हत्या. रेवाला रात्री मांडीवर घेऊन झोपवायच्या त्याच. पण रेवा रोज होती, आणि रोजच्या गोष्टींना मुहूर्त लागत नाही. "दोघांचं एकदम केलं की तिकडे गिचमिड दिसतं गं," त्या म्हणाल्या. "आणि हिला अजून दोन-तीन वर्षं आहेत की."

तेजूने रात्री नवऱ्याजवळ विषय काढला. केतन रबाळ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनीअर होता. दिवसभर मशीनच्या आवाजात काढल्यावर घरात कुठलाच आवाज होऊ नये, एवढीच त्याची इच्छा असायची.

"जाऊ दे ना, तेजू. रेवाला काय कळतंय?"

"नीलला कळतंय?"

"त्यालाही नाही."

"मग कोणाला कळतंय?"

"आईला," केतन म्हणाला, आणि कूस बदलली.

तयारी मात्र जंगी झाली. कॅलगरीत शनिवारची संध्याकाळ म्हणजे इथे रविवारची सकाळ, म्हणून शेजारणींना सकाळी आठ वाजता हळदीकुंकवाचं आमंत्रण गेलं. हलव्याचे दागिने अरुणाबाईंनी स्वतः ओवले: मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. ते कॅनडाला पाठवायचं ठरत होतं, पण कुरिअरवाल्याने 'आत काय आहे' विचारलं, आणि अरुणाबाईंनी 'दागिने' असं सांगितल्यावर त्याने चार जागी सह्या मागितल्या. तेव्हा दागिने इथेच राहिले.

आता दागिने इथे, बोरं इथे, आणि डोकं कॅलगरीला. हा पेच सासरे सुधीरराव यांनी सोडवला. निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या वायरी त्यांच्या ताब्यात होत्या. टीव्हीवर बोरं ओतायला त्यांचा सक्त विरोध होता. गेल्या वाढदिवसाला अरुणाबाईंनी टीव्हीतल्या नीलचं इतक्या मायेने औक्षण केलं होतं, की निरांजनाने टीव्हीची खालची कड वितळली. तेव्हापासून कॅलगरीचं कोणीही दिसलं की त्याच्या हनुवटीखाली एक काळा डाग दिसायचा.

"फोटो करून आणू," सुधीरराव म्हणाले. "मोठा. पाटावर ठेवू. टीव्हीवर खरा नील, पाटावर फोटोतला. अगदी प्रत्यक्ष वाटेल."

पनवेलच्या स्टुडिओवाल्याने चांगला हातभर उंच फोटो करून, काच घालून, रुंद लाकडी चौकटीत बसवून दिला. रविवारी पहाटेपासून अरुणाबाई हॉल सजवत होत्या. पाटाभोवती रांगोळी. पाटावर भिंतीला टेकवलेला फोटो. काचेवर, बरोबर नीलच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट. वरच्या कोपऱ्यात हलव्याचा मुकुट, चौकटीवरून खाली आलेला पांढराशुभ्र हलव्याचा हार, समोर निरांजन, बाजूला दोन उदबत्त्या. सगळं मनापासून, सगळं शुभ. फक्त घरातलं कोणीच चार पावलं मागे जाऊन, दाराच्या उंबऱ्यातून ते कसं दिसतंय, हे बघायला गेलं नाही.

ते पहिल्यांदा बघितलं देवजी म्हात्र्यांनी. देवजी मूळ करंजाडे गावचे. सोसायटी उभी होती ती त्यांच्याच जुन्या शेतात, आणि कोपऱ्यातली बोरीची झाडं त्यांनी बिल्डरला तोडू दिली नव्हती. ऋषीला तर ते शाळेच्या गणवेशापासून ओळखत होते. सकाळी भरलेली पिशवी घेऊन ते वर आले, उघड्या दारातून आत पाऊल टाकलं, आणि थांबले. बोरांची पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. डोक्यावरची टोपी काढली.

"कंदी झाला?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

अरुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, अजून व्हायचंय. आठचं ठरवलंय."

देवजींना काही उमगलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो, असा चेहरा करून त्यांनी मान हलवली. "क्यवरा गोजिरा पोर. आमाला सांगला बी नाय तुमी."

त्यांच्या पाठोपाठ समोरच्या फ्लॅटमधल्या शर्मिलाताई काळी साडी नेसून, हातात हळदीकुंकवाचं वाण घेऊन आल्या होत्या. देवजींचे जोडलेले हात त्यांनी पाहिले, फोटो पाहिला, वाण पाठीमागे लपवलं आणि पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या मागची पोरं, रविवारी सकाळी झोपेतून उठवून आणलेली, आपोआप गप्प झाली. उदबत्तीचा धूर शांतपणे वर जात होता.

नेमका तेव्हाच सुधीररावांचा टीव्ही लागला. पडद्यावर ऋषी आणि ईश्वरी सोफ्यावर बसलेले, हनुवटीखाली डाग. त्यांना हॉलमध्ये हात जोडून उभी माणसं दिसली.

"बाबा," ऋषी सोफ्याच्या कडेला सरकला. "कोण गेलं?"

"धीर धर रं बाबा," देवजी टीव्हीला म्हणाले. "तुझा पोर देवाला आवारला."

तेजू रेवाला कडेवर घेऊन बेडरूमच्या दारात उभी होती. तिला हसू फुटत होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून तिने तोंड रेवाच्या पाठीत लपवलं. अरुणाबाई पहिल्यांदाच दाराकडे गेल्या होत्या, पहिल्यांदाच वळून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"अहो, जिवंत आहे पोरगा," सुधीरराव म्हणाले. "कॅनडात आहे."

"मंग हार कनाला घातला?"

"हलव्याचा आहे तो."

"हलव्याचा हाय, पन फोटूला हाय," देवजी म्हणाले.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. फोटो पालथा झाला, उदबत्त्या नळाखाली गेल्या. अरुणाबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन आधी टीव्हीवरून ओवाळल्या, मग फोटोवरून, मग घाईघाईत देवजींवरूनही. देवजी बिचारे टोपी हातात घेऊन उभेच्या उभे राहिले. त्यांना बसवलं, चहा दिला.

"ईश्वरी, मला आधी नील दाखव," अरुणाबाई टीव्हीजवळ जाऊन म्हणाल्या. "डोळ्यांनी बघू दे मला."

"तो... तयार होतोय, आई," ईश्वरी म्हणाली, आणि ऋषीने डोकं खाजवलं.

"मग होऊ दे तयार. पण पाट रिकामा ठेवायचा नाही. आता तर मुळीच नाही. हसतंखेळतं मूल पाहिजे त्याच्यावर." त्या वळल्या. "तेजू, रेवाला आण."

तेजूला ऐकलेलं खरं वाटेना. ती आत धावली. रेवाचं स्वेटर ओढून काढलं, कपाटाच्या तळातून खणाचं झबलं काढलं, डोक्यातून चढवलं. दोनदा उसवलेली शिवण जेमतेम पुरली. रेवाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आईची घाई बघून तीही हसत होती. तेजूच्या मनात भराभर काय काय येऊन गेलं: केतनला फोटो काढायला सांगायचा, चिपळूणला आईला फोन लावायचा, शर्मिलाताईंना जरा बाजूला उभं करायचं. त्या घाईत पोरीच्या डोळ्यांतलं काजळ जरा लांबलंच.

रेवा पाटावर बसली. हलव्याचा मुकुट नीलच्या मापाचा होता, तो तिच्या भुवयांवर येऊन टेकला. बाजूबंद कोपरापर्यंत घसरला, लागलीच तिने तो तोंडात घालून चोखायला सुरुवात केली. बायका हसल्या. हॉलमध्ये पुन्हा हळदीकुंकू वावरायला लागलं.

अरुणाबाईंनी बोरांनी भरलेलं पितळी मापटं उचललं. मग थबकल्या. "केसांतली ती क्लिप काढ गं तिच्या."

"कशाला, आई?"

"आता ही नील आहे ना. बासरी दे तिच्या हातात." त्यांनी स्वतःच क्लिप काढून तेजूच्या हातात दिली आणि त्या बायकांकडे वळल्या. "सगळ्यांनी नावही नीलचंच घ्या बरं का. एवढं अशुभ झालंय सकाळी सकाळी, ते त्याच्या नावानं उतरायला पाहिजे."

शर्मिलाताई तशा समजूतदार, पण सकाळच्या प्रसंगाने त्याही ओशाळल्या होत्या. त्यांनी लगेच सूर लावला, "नीलबाळा, इकडे बघ. नीलबाळ कसा छान दिसतोय."

रेवाने बाजूबंद तोंडातून काढला. नीलबाळ कुठे आहे ते बघायला मागे वळली. मागे कोणी नव्हतं. तिने पुन्हा समोर बघितलं, सगळे तिच्याकडेच बघत होते.

"मी लेवा," ती म्हणाली.

"हो हो, पण आज तू नील," आजी म्हणाली.

"लेवा." आता जरा मोठ्याने. मग ओठ बाहेर आला. मुकुटाखालून तिचे डोळे आईला शोधायला लागले.

तेजू पुढे झाली आणि तिने रेवाला पाटावरून उचललं. तिने काही ठरवलं नव्हतं. पायच तिकडे गेले.

"अगं, काय करतेस?" अरुणाबाईंच्या हातात मापटं तसंच होतं. "सगळे बघतायत."

"बघू दे."

"पाच मिनिटांचं काम आहे, तेजू."

"म्हणूनच सांगते, आई. पाच मिनिटं तिच्या नावानं करा. नाही तर नको. फोटोच्या जागी माझी पोर बसणार नाही."

सासूशी एवढ्या चढ्या आवाजात ती आजवर बोलली नव्हती. केतन राउटर हातात धरून कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तोंडून सवयीने 'जाऊ दे' इतकं निघालं, पण पुढचं त्याने गिळलं. देवजींनी चहाचा घोट न घेता कप बशीत ठेवला. अरुणाबाई एकदा सुनेकडे, एकदा टीव्हीकडे बघत राहिल्या, जणू कोणाच्या घड्याळाप्रमाणे चालायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"ऋषी, तूच सांग हिला," त्या म्हणाल्या. "तिकडे नील तयार होऊन बसलाय, आणि इथे ही..."

टीव्हीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आई," ईश्वरी म्हणाली, "नील झोपलाय."

"झोपलाय? आत्ता तर तयार होत होता."

"मघाशीच झोपला. आणि आई, रागावू नका. त्याचं बोरनहाण गेल्या शनिवारीच झालं. इथल्या मंडळाच्या हॉलमध्ये. ओळीनं सगळी मुलं बसवली होती. बोरं मिळत नाहीत, म्हणून ब्लूबेरी ओतल्या. त्यावर पोरं नाचली, हॉलवाल्यांच्या गालिच्याची पार जांभळी चिखलणी झाली. ऋषी अजून त्यांना माफीचे ईमेल करतोय."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एवढी तयारी करत होता. दागिने ओवले, फोटो काढला. आम्ही दोघांनी म्हटलं, होऊ दे, आईंचं मन मोडायला नको. तुमच्यासाठीच तर बसलो होतो आज."

"माझ्यासाठी?" अरुणाबाई म्हणाल्या. "अगं, मी तुमच्यासाठी करतेय. नाही तर रविवारी सकाळी आठला कोणाला हौस आहे?"

आठ वाजता बोलावलेल्या सगळ्या बायका आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. सुधीररावांनी रिमोट उचलला आणि त्याच्यावरचं एकही बटण न दाबता परत ठेवला.

अरुणाबाई पाटापाशी खाली बसल्या. मापटं मांडीवर धरलं. हातभर अंतरावर तेजू उभी होती, आणि तिच्या कडेवर रेवा मुकुट सावरत, एक डोळा झाकून, आजीकडे बघत होती.

"हे झबलं कधी शिवलंस?" अरुणाबाईंनी विचारलं.

"ती पाच महिन्यांची होती तेव्हा."

अरुणाबाईंनी हात पुढे करून झबल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. उसवलेल्या जुन्या टाक्यांची भोकं त्या बोटाला लागली असणार, कारण ते तिथेच थांबलं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या नावानं?"

"तू वकील व्हायला हवी होतीस," सासूबाई नाक ओढत म्हणाल्या. "नाव काय ठेवलंय तिचं आपण? रेवा ना? मग तिच्याच. ती क्लिप लाव परत. झिंज्या डोळ्यांवर येतायत."

तेजूने क्लिप लावली. रेवाला पाटावर बसवलं. या वेळी अरुणाबाईंनी तिला तिच्याच नावानं हाक मारली, आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि मापटं तिच्या डोक्यावर हळूहळू कलतं केलं. बोरं टपटपत खाली आली, चुरमुरे झबल्यात अडकले, एक करवा नाकावरून घसरला. रेवाने डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला. हे आपल्यासाठीच आहे, हे तिला दुसऱ्या मापट्याला कळलं. तिसऱ्याला तिने स्वतःच डोकं पुढे केलं. तोवर पोरांनी पाटावर झेप घेतली होती आणि देवजी खुर्चीतून ओरडत होते, "डाव्या अंगाला हाय रं, डाव्या अंगाला, त्यो मोठा बोर बग."

"आई, आम्हाला काहीच दिसत नाही," टीव्हीतून ईश्वरी म्हणाली. "सगळ्यांच्या पाठीच दिसतायत. कोणीतरी कॅमेरा वळवा ना."

कॅमेरा सुधीररावांकडे होता, आणि सुधीरराव गुडघ्यांवर बसून सोफ्याखालची रेवडी काढत होते. केतनने मोबाइलवर फोटो काढला. त्यात नेमकं काय आलं ते बघायला तेजू थांबली नाही. ती पाटाच्या मागे बसून लेकीच्या मानेतले चुरमुरे झटकत होती, आणि त्या निमित्ताने तिला सारखं सारखं हात लावता येत होता.

रेवाने दोन्ही मुठींत मिळून एक बोर पकडलं. सगळ्यात पिकलेलं, तांबूस. ते तिने आधी आईला दाखवलं, मग पुढे वाकून आजीच्या तोंडात कोंबलं.

"आई, काहीतरी बोला ना," टीव्हीतून ऋषी म्हणत होता. "आई? आवाज येतोय का आमचा?"

अरुणाबाईंना आवाज येत होता. पण तोंडात बोर होतं, बी होती, आणि नातीचं एक बोट अजून आतच होतं. त्यांनी टीव्हीकडे बघून फक्त हात वर केला, जरा थांब म्हणून.